अकराव्या खिळ्याचं रीडिंग

सूतभरराव हे नाव त्यांना एका सेंट्रिंगच्या मुकादमाने दिलं, तेही रागाच्या भरात. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते आणि सर्व्हेअर म्हणून नुकतेच कामाला लागले होते. तिसऱ्या मजल्यावर एका खांबाचा साचा बांधून तयार होता, काँक्रीटची गाडी खाली येऊन थांबली होती, आणि ह्या नवख्या माणसाने ओळंबा सोडून बघितला आणि म्हणाला, सूतभर बाहेर आहे. मुकादमाने आधी समजावलं, मग आवाज चढवला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेवढ्याने काय आभाळ कोसळणार आहे, असं त्याचं म्हणणं. ह्यांनी शब्दाला शब्द वाढवला नाही. फक्त कागदावर सही केली नाही. साचा खोलून पुन्हा बांधावा लागला. संध्याकाळपर्यंत अख्खी साइट त्यांना सूतभरराव म्हणू लागली, आणि पुढे साइट बदलत गेल्या तरी हे नाव त्यांच्या आधीच तिथे जाऊन बसलेलं असायचं.

बायको कपडे शिवायची. दोन खोल्यांच्या घरात दोन टेप, आणि दोन्हींचं एकमेकांशी पटत नसे. खिडकीचा पडदा किती लांब हवा यावर एकदा दोघांचा आठवडाभर अबोला झाला होता. "आम्ही शिवणीत जास्तीच्या कापडाचा दाब ठेवतो," ती म्हणायची. "चुकलं तर उसवून घेता येतं. तुमच्या भिंतीला दाब ठेवायची सोय नाही, म्हणून तुम्ही असे झालात." यात थोडंफार तथ्य होतं. सूतभरराव घरी कमी बोलायचे, बाहेर त्याहून कमी. भांडण झालं की आकडा सांगायचे आणि गप्प बसायचे.

बावन्नाव्या वर्षी त्यांना ज्या साइटवर पाठवलं, तिथे अडतीस मजल्यांचा टॉवर व्हायचा होता. त्याखाली तीन मजली तळघर, म्हणजे बारा मीटर खोल खड्डा. प्लॉट शहराच्या जुन्या भागात, चहूबाजूंनी वेढलेला. तीन बाजूंना रस्ते होते आणि चौथ्या बाजूला, कुंपणापासून साडेतीन मीटरवर, चार मजल्यांची जुनी इमारत. तिच्यात सोळा कुटुंबं राहत होती. खड्ड्याच्या कडेने काँक्रीटच्या खांबांची रांग जमिनीत उतरवली होती, ती मातीला धरून ठेवणार. ती धरते की नाही, हे बघणं सूतभररावांचं काम.

काम सांगायला सोपं होतं. शेजारच्या इमारतीच्या भिंतींवर, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, पितळेचे बावीस खिळे ठोकायचे. रोज सकाळी सात वाजता, रस्त्यावरच्या गाड्या सुरू होण्याआधी, तिपाईवर लेव्हलची दुर्बीण लावायची आणि प्रत्येक खिळा कालच्यापेक्षा खाली गेला का ते वाचायचं. मोजायचं कशाच्या तुलनेत? तर समोरच्या वाचनालयाच्या दगडी पायरीच्या. ती पायरी शंभर वर्षांत हलली नव्हती, आता हलण्याचं कारण नव्हतं. खिळ्यावर आकड्यांची पट्टी धरायला मामा असायचे. मामा कुणाचेच मामा नव्हते. साठीला टेकलेले, गुडघ्यांनी कटकट लावलेली, पण पट्टी धरली की बुबुळसुद्धा हलायचं नाही. एकवीस वर्षं दोघं एकत्र काम करत होते, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्यात जे बोलणं झालं ते बहुतेक हातवाऱ्यांनीच.

इमारतीतले लोक अर्थातच खार खाऊन होते. दिवसभर ड्रिलचा आवाज, भांड्यांवर धूळ, आणि खिडकीतलं आकाश जाणार ते वेगळंच. खिळे ठोकायला गेले तेव्हा पहिला अडथळा तळमजल्यावरच्या बाईंचा झाला. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. चाळीस वर्षं गणित शिकवलेलं, एकट्या राहायच्या. इमारतीत त्यांना सगळे बाईच म्हणायचे, त्यामुळे सूतभररावही बाईच म्हणू लागले. भिंतीला भोक पाडू देणार नाही, असं त्यांनी दारातच सांगितलं. खिळा कशासाठी आहे ते सूतभररावांनी समजावलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि अट घातली.

"रोजचा आकडा मला सांगायचा. कंपनीला सांगाल तोच."

असा आकडा बाहेर सांगायचा नियम नव्हता, सांगू नये असाही नव्हता. ते हो म्हणाले. खड्ड्याच्या बाजूच्या, मागच्या कोपऱ्यावरचा खिळा, त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालचा, तो अकरावा.

तेव्हापासून रोज साडेसातला बाई खिडकीत उभ्या राहायच्या. सूतभरराव आकडा सांगायचे, बाई मनातल्या मनात वजाबाकी करायच्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी एक चूक पकडली. सूतभररावांनी हातचा घ्यायला विसरून एक आकडा चुकीचा लिहिला होता. बाई नुसतं म्हणाल्या, "पुन्हा करा बघू." पन्नाशी उलटलेल्या माणसाने भर रस्त्यात वही गुडघ्यावर ठेवून वजाबाकी पुन्हा केली. मामांनी तोंड फिरवून घेतलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

दोन महिने खड्डा खोल होत गेला आणि अकरावा खिळा एक मिलिमीटरवर, फार तर दोनवर राहिला. एवढं चालतं. जमीन थोडी श्वास घेते, असं सूतभरराव म्हणायचे. मर्यादा कागदावर ठरलेली होती: दहा मिलिमीटर झाले की त्याच दिवशी तीन ठिकाणी कळवायचं – कंपनीला, आराखडा करणाऱ्या सल्लागार इंजिनीअरला आणि महापालिकेच्या इंजिनीअरला. पंधरा झाले की काम बंद.

तिसऱ्या महिन्यात खड्ड्याला पाणी लागलं. चार पंप लावले. पाणी उपसून रस्त्याकडेच्या गटारात सोडलं जाऊ लागलं. एका सकाळी सूतभरराव तिपाई आवरून निघाले असताना त्यांना ते पाणी गढूळ दिसलं. खड्ड्याचं पाणी पहिले दोन-चार दिवस गढूळ असतंच, पण हे दहाव्या दिवशीही निवळलं नव्हतं. त्यांनी मामांकडून बादली मागवली, भरली आणि बाजूला ठेवून दिली. तासाभराने पाणी ओतून टाकलं तेव्हा तळाशी बोटभर बारीक वाळू बसली होती. ही वाळू कुठून येते हे विचारायला नको होतं. खड्ड्याच्या तळाशी ती नव्हती, तिथे काळी चिकट माती होती. पंप नुसतं पाणी ओढत नव्हते. खांबांच्या फटींतून शेजारच्या इमारतीखालची वाळू चमचा-चमचा करून ओढत होते.

त्या आठवड्यात अकरावा खिळा चारवर आला, मग पाचवर. पुढच्या सोमवारी आठ, मंगळवारी नऊ, बुधवारी बारा.

बुधवारी त्यांनी दोनदा मोजलं. मग वाचनालयाची पायरी सोडून रस्त्याच्या टोकाच्या जुन्या पुलाच्या खांबावरून मोजलं. आकडा तोच आला. ते वही घेऊन प्रोजेक्ट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता, हे सूतभरराव नंतरही सांगत. चाळिशीतला, रात्रंदिवस फोनवर, डोळ्यांखाली काळं झालेलं. आठ दिवसांत खड्ड्याच्या तळाचा जाड स्लॅब पडणार होता. एकदा तो पडला की पाणी बंद, वाळू बंद, सगळंच जिथल्या तिथे थांबणार होतं. हे खोटं नव्हतं. त्याने पायरीबद्दल विचारलं, पुलाबद्दल विचारलं, मामांच्या गुडघ्यांबद्दल विचारलं, पट्टी हलली असेल का म्हणून. सगळ्यांची उत्तरं त्याला मिळाली.

"एक दिवस थांबू," तो म्हणाला. "उद्या पुन्हा घ्या. उद्याही हेच आलं तर मी स्वतः पाठवतो, तिघांनाही."

सूतभरराव उठले. वही मिटली आणि बाहेर आले. त्याच दिवशी कळवायचं, असा नियम होता. तो त्यांना पाठ होता. पण एका दिवसाची गोष्ट होती, आणि सव्वीस वर्षांत एकाही मॅनेजरने स्वतः पाठवतो म्हटलं नव्हतं. त्या सकाळी खिडकीत उभ्या असलेल्या बाईंना ते, आज घाईत आहे, एवढंच सांगून गेले होते. घाई अशी काही नव्हती.

घरी बायकोने विचारलं, काय झालं. काही नाही म्हणाले. ती ब्लाउजला काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, तुम्हाला काही नाही झालं की तुम्ही जेवण वाढल्यावर हात धुवायला जाता. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. तिने दोन प्रश्न विचारले: किती माणसं आहेत, आणि तुमचं मन काय म्हणतं. माणसं एकावन्न. दुसऱ्या प्रश्नावर ते हात धुवायला उठले.

गुरुवारी बाई खिडकीत नव्हत्या, दारात उभ्या होत्या.

"काल तुम्ही आकडा सांगितला नाहीत."

"काल बारा होता," सूतभरराव म्हणाले. "आज पंधरा आहे."

बाईंना वजाबाकी करायला वेळ लागला नाही. "पुढच्या बाजूचे खिळे?"

"दोनवर आहेत. पुढची बाजू जागेवर आहे. इमारत मागे कलतेय."

"मग आता काय करायचं?"

"बाहेर पडायचं, बाई. आज. दुपारच्या आत."

बाईंनी मान डोलावली आणि आत गेल्या. काय काय घ्यायचं ते त्यांनी तिथेच एका कागदावर लिहायला घेतलं, असं मामा नंतर सांगायचे. मामांनी ते खिडकीतून बघितलं होतं.

सूतभरराव मॅनेजरकडे गेले नाहीत. त्यांनी रस्त्यावरूनच सल्लागार इंजिनीअरला फोन लावला, मग रिक्षा करून महापालिकेच्या ऑफिसात गेले आणि कालचा आणि आजचा असे दोन्ही कागद टेबलावर ठेवून पोच घेतली. मॅनेजरला त्यांनी तिसरा फोन केला. मग तो म्हणाला की पंप बंद करतो. आणि त्याने ते केलंही, कुणाच्या हुकमाची वाट न बघता.

अकरापर्यंत महापालिकेची गाडी आली आणि कर्ण्यावरून इमारत रिकामी करायची सूचना झाली. तेव्हा खरा गोंधळ सुरू झाला. सोसायटीचा सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर राहायचा, घड्याळं दुरुस्त करायचा त्याचा धंदा. आठ वर्षांपूर्वी एका बिल्डरने ह्या इमारतीला धोकादायक ठरवून लोकांना बाहेर काढायचा डाव टाकला होता, तो सेक्रेटरीने एकहाती उधळून लावला होता. आता हा दुसरा डाव आहे, याबद्दल त्याच्या मनात तीळभर शंका नव्हती. तो जिन्यात आडवा उभा राहिला आणि लोकांना परत वर पाठवू लागला. सूतभरराव दिसले तेव्हा त्याने बोट रोखलं. हा कंपनीचा माणूस, तो म्हणाला, तीन महिने आपल्या भिंतींना भोकं पाडत फिरतोय, आणि आज ह्याच्या सांगण्यावरून तुम्ही घरं सोडता.

त्याचं चुकत होतं असंही नाही. पगार कंपनीचाच होता. सूतभररावांनी वाद घातला नाही. पहिल्या महिन्यात त्यांनी जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत चौथ्या मजल्यावरून ओळंबा सोडून खाली फरशीवर खूण कोरली होती. आता त्यांनी मामांना वर पाठवलं आणि सेक्रेटरीला खाली बोलावलं. दोरीवरचा लोखंडी गोळा हळूहळू खाली आला, डोलायचा थांबला आणि खुणेपासून बाजूला उभा राहिला.

सेक्रेटरी उकिडवा बसला. घड्याळवाल्याचे डोळे, त्याला भिंग लागलं नाही.

"किती?" त्याने विचारलं.

"पाच सूत. पंधरा-सोळा मिलिमीटर."

"ही खूण तुम्हीच केली होती ना?"

"हो. तुम्ही तेव्हा माझ्याशी भांडत होता, फरशी खराब केली म्हणून."

सेक्रेटरी उठला. पटलं असं म्हणाला नाही. आठ दिवसांत परत येणार आहे, हे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून तो वर गेला, तेव्हा त्याच्या बायकोने बॅगा भरून दाराशी आणून ठेवलेल्या होत्या. दुपारी तीनला सोळावं कुटुंब बाहेर पडलं. गाद्या, टीव्ही, औषधांचे डबे, एक शिवणयंत्र, एक माशांची काचपेटी, असं सगळं फुटपाथवर मांडलेलं होतं आणि लोक त्याच्या भोवती उभे होते. बाई एका पेटीवर बसून शेजारच्या घरातल्या आजोबांना पत्ता लिहून देत होत्या.

पुढचं सांगायला थोडक्यात पुरेल. खड्डा पाण्याने परत भरू दिला, कडेने माती टाकली. अकरावा खिळा अठराला गेला, वीसला गेला आणि बावीसवर थांबला. इमारत पडली नाही. तिच्या पायाखाली नळ्या घालून सिमेंटचं पाणी दाबून भरलं. त्याला सात महिने लागले. सोळा कुटुंबं शहरभर पांगली. कुणाला शाळा लांब पडली, कुणाच्या आईला चौथ्या मजल्यावर चढता येईना. एका घरातलं ठरलेलं लग्न मोडलं, ते ह्यामुळेच असं त्यांचं म्हणणं होतं. पहिला महिनाभर लोक सूतभररावांना दुवा देत होते. तिसऱ्या महिन्यापासून सूर बदलला. पडली तर नाहीच, लोक म्हणू लागले. मग एवढं रान उठवायची काय गरज होती? पडली असती तर हा प्रश्न विचारायला कोण उरलं असतं, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं, आणि ते लक्षात आणून देणं सूतभररावांच्या स्वभावात नव्हतं.

कंपनीतही त्यांच्या नावाने बोटं मोडली गेली. कामावरून काढलं नाही, कारण कागद आणि पोच त्यांच्याकडे होती, पण शहराबाहेर एका गोदामाच्या कामावर धाडलं. तिथे मोजायला फारसं काही नव्हतं. मॅनेजरची बदली झाली. जाण्याआधी तो सूतभररावांना भेटायला गोदामावर आला होता. दोघांनी उभ्या उभ्या चहा घेतला. मॅनेजर म्हणाला, बुधवारीच पाठवायला हवं होतं. सूतभरराव म्हणाले, मीही पाठवलं नाही.

सात महिन्यांनी शेवटचं रीडिंग घ्यायला त्यांना मुद्दाम बोलावलं, कारण खिळ्यांची जुनी वही त्यांच्याच अक्षरातली होती. बाई आठवड्यापूर्वीच परत राहायला आल्या होत्या. त्यांनी दार उघडून सूतभररावांना आत बसवलं, पहिल्यांदाच. स्वयंपाकघराच्या भिंतीवर बुजवलेल्या भेगेची पांढरी रेघ होती. बाईंनी आकडा विचारला. बावीसच, ते म्हणाले, तीन महिने हललेला नाही.

"त्या बुधवारी तुम्ही घाईत आहे म्हणालात," बाई म्हणाल्या. "मला तेव्हाच कळलं होतं. पोरं उत्तर चुकलं की असंच करतात. मी त्या रात्री झोपायला नको होतं, पण झोपले. मलाही वाटलं, उद्या विचारू."

"चूक माझी होती, बाई."

"हो, तुमचीच होती," बाई म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.

सूतभररावांनी त्यानंतर एक सवय लावून घेतली. मर्यादेपलीकडचा आकडा आला की आधी कागद तिन्ही ठिकाणी पाठवायचा, मग मॅनेजरच्या केबिनमध्ये जायचं. दोन मॅनेजरांशी ह्यावरून वाकडं आलं. एकाने वर तक्रारही केली. घरी बायकोला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, बरं झालं, आणि शिलाईला बसली. साइटवरचे आकडे घरी सांगायचे नाहीत, हा त्यांचा जुना नियम मात्र गळून पडला. जेवताना ते तिला दिवसाचं रीडिंग सांगू लागले. तिला त्यातलं निम्मं कळत नसे, पण ती ऐकायची.

टॉवर पूर्ण झाला. दुपारनंतर त्याची सावली जुन्या इमारतीवर पडायची, आणि कपडे वाळायला दोन दिवस लागू लागले. आणखी तीन वर्षांनी सोळाही कुटुंबांनी एकमताने ठरवलं की इमारत पाडून नवीन बांधायची. पहिली सही सेक्रेटरीची होती. बिल्डर कोण, घर किती मोठं, कोणता मजला कुणाला, यावर दीड वर्षं खल झाला. बाईंना नववा मजला मिळाला. लिफ्ट बंद पडली तर काय, एवढं विचारून त्यांनी सही केली आणि बहिणीकडे राहायला गेल्या.

पाडकाम झालं, जागा सपाट झाली. खांब कुठे उभे राहणार ह्याच्या खुणा करायला माणूस लागत होता, आणि ते काम फिरत फिरत सूतभररावांकडे आलं. मामांचे गुडघे एव्हाना पार कामातून गेले होते, पण ते आले. खुंट्या देत एका खुर्चीवर बसून राहिले. सकाळच्या उन्हात सूतभररावांनी दोऱ्या ओढल्या आणि अठ्ठावीस खुंट्या ठोकल्या.

दहाच्या सुमाराला सेक्रेटरी आला. केस पांढरे झालेले. त्याने सूतभररावांना ओळखलं, पण जुनं काही काढलं नाही. हातात नकाशाची घडी होती. त्याला फक्त एकच जाणून घ्यायचं होतं.

"माझी गाडी कुठे उभी राहणार?"

सूतभररावांनी नकाशा उघडून बघितला आणि दोन खुंट्यांमधली जागा दाखवली. सेक्रेटरी तिथे जाऊन उभा राहिला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, दार उघडल्यासारखा हात बाहेर काढून बघितला.

"लहान आहे," तो म्हणाला.

"नकाशात आहे तेवढीच आहे."

सेक्रेटरी ह्यावर बिल्डरशी बोलणार होता, तसं त्याने सांगितलं, आणि फोन काढून बोलायला लागलाही. सूतभररावांनी कागदावर सही केली. मामांना हात देऊन उठवलं. अकरा वाजता दुसऱ्या साइटवर पोचायचं होतं, आणि रस्त्यावर गाड्या वाढल्या होत्या.